देवळाच्या दगडालाही कीड लागते



मृग तोंडावर आला की आपण सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम आणि पीएसबीची पाकिटे चोळतो. पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. जमिनीत स्फुरद भरपूर असतो, पण तो खडकाच्या कणांत आणि चुन्यात अडकून बसलेला असतो, मुळाला उचलता येत नाही. हे जिवाणू सौम्य आम्ले सोडतात, अडकलेला स्फुरद सुटा करतात आणि मग पीक तो घेते. २५० ग्रॅमच्या पाकिटात काय ताकद आहे हे सांगत मी दरवर्षी गावोगाव फिरतो. तो भाग तुम्हाला आता पाठ झाला असेल. आज त्याच मंडळींची दुसरी बाजू सांगायची आहे. शेतात जे काम आपण पाकीट विकत घेऊन करून घेतो, तेच काम त्यांचे भाऊबंद गावातल्या देवळावर, घाटावर, बारवेवर आणि दीपमाळेवर फुकटात करत बसलेले आहेत.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण गावातल्या देवळाचा ठराव ग्रामसभेत होतो, अंदाजपत्रक पंचायतीत तयार होते आणि वर्गणी शेतकऱ्याच्या खिशातून जाते. पैसा आपला, देऊळ आपले आणि नुकसानही आपल्याच हाताने होते. म्हणून हा खटाटोप.

कृष्णाकाठी माझ्या कार्यक्षेत्रात एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसे चांगली आहेत आणि चूक चांगल्या मनाने झालेली आहे. गावात पेशवाईतले महादेवाचे देऊळ. काही वर्षांपूर्वी गावाने वर्गणी काढून त्याचा जीर्णोद्धार केला. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले, भिंतींना चॉकलेटी ऑइलपेंट दिला, गाभाऱ्यात टाइल्स बसवल्या, बाहेर सगळीकडे पेव्हर ब्लॉक. देऊळ लग्नाच्या मांडवासारखे चकचकीत झाले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर रंगाला फुगे आले. फुगा फोडला की आतून दगडाचा पापुद्रा निघायचा, कांद्याच्या सालीसारखा. नखाने खरवडले तर भुकटी हाताला लागायची. गाभाऱ्यात ओलसर कुबट वास आणि छताच्या कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके.

सरपंचांनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, दगडाला कीड लागते का हो?"

मी तेव्हा हसलो. नंतर वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो आणि माझे हसू मावळले. सरपंचांचा प्रश्न बरोबर होता. दगडाला कीड लागते. फक्त ती डोळ्यांना दिसत नाही.

दगडाची माती

आपल्या भागातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. आज आपण ज्या काळ्या रानात ऊस आणि हळद घेतो ते रान म्हणजे याच दगडाची झालेली माती. ती कोणी केली? ऊन, पाऊस आणि वारा ही नावे आपण शाळेत शिकलो. पण त्यांच्या जोडीला जिवाणू, बुरशी आणि शेवाळ यांचा मोठा हात आहे. दगडातले लोह, चुना, मॅग्नेशियम त्यांनी चिमटीचिमटीने सुटे केले आणि मागे चिकण माती उरली. खडकाचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली. देवळाचा दगड खाणीतून काढून घडवला आणि भिंतीत बसवला, म्हणून हा नियम त्याला लागू व्हायचा थांबत नाही. तोही मातीच्याच वाटेवर आहे. त्याला त्या वाटेवर सावकाश जाऊ द्यायचे की ढकलायचे, एवढेच आपल्या हातात आहे.

या कामाला लागणाऱ्या मंडळींची ओळख करून घेऊ. पहिले येते शेवाळ. त्याला दगडातून काही नको असते. ऊन, हवा आणि ओल मिळाली की ते आपले अन्न आपण करते. त्यातले निळे-हिरवे शेवाळ पाटण-जावळीकडच्या भातवाल्यांना माहीत आहे, भात खाचरात नत्रासाठी आपण तेच सोडतो. दगडावर ते चिकट साय धरते. पावसात ती साय फुगते, उन्हात आकसते आणि आकसताना दगडाचे सुटत आलेले कण ओढून घेते. धूळ त्या सायीला चिकटते, ओल धरून राहते आणि पुढच्यांसाठी बिछाना तयार होतो.

मग येते दगडफूल. होय, आपल्या कांदालसूण मसाल्यात पडते तेच, किंवा त्याचे सोयरे. दगडफूल ही एकटी वनस्पती नव्हे. एक बुरशी आणि एक शेवाळ यांनी मिळून केलेला तो संसार आहे. आपल्याकडे एकेका बैलाचे दोन शेतकरी पैरा करतात ना, तसा. शेवाळ अन्न शिजवते, बुरशी घर देते आणि ओल धरून ठेवते. बुरशीचे केसापेक्षा बारीक धागे दगडाच्या फटींत शिरतात. ते ऑक्झॅलिकसारखी आम्ले सोडतात आणि दगडातला चुना व लोह धरून ओढतात. हे काम फार हळू चालते. दगडफूल बहुधा वर्षाला एखाद-दुसरा मिलिमीटर पसरते. म्हणजे भिंतीवर बशीएवढे दगडफूल दिसले तर ते तुमच्या वडिलांच्या वेळेपासून तिथे असू शकते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांचा मोठा संग्रह आणि त्यावरचा वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे. आपण ज्याला डाग म्हणून खरवडतो त्याचा कोणी आयुष्यभर अभ्यास करतो, हे मला तरी नवे होते.

बुरशी आणि जिवाणूंना उजेडही लागत नाही. ते रंगाखाली, टाइलखाली, गाभाऱ्याच्या अंधारात सुखाने राहतात. फक्त ओल आणि थोडे अन्न पाहिजे.

सगळ्यांचे काम झाले की सांध्यात चिमूटभर माती तयार होते. त्यात आधी हरळीसारखे गवत, नेचे येतात. मग कावळ्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. पिंपळ शिखर फोडताना सगळ्यांना दिसतो आणि सगळा दोष त्याच्यावर जातो. त्याची मशागत आधी कोणी करून ठेवली हे कोणी पाहत नाही.

चुन्याचे शिखर, सामू आणि लोणा

बेसाल्ट तसा चिवट. आपल्या देवळांची नाजूक बाजू दुसरीच आहे. कृष्णाकाठच्या बऱ्याच पेशवेकालीन देवळांत खाली काळा दगड आणि वर विटा-चुन्याचे शिखर असते, सांधेही चुन्याचे. चुन्याला आम्ल चालत नाही. चुनखडीच्या जमिनीवर आम्लाचा थेंब टाकला की फसफसते, हे माती परीक्षणात तुम्ही पाहिले असेल. शिखरावरच्या बुरशीचे आम्ल असे फसफसत नाही, पण काम तेच करते.

ताज्या चुन्याचा सामू १२ च्या आसपास असतो. त्यात कुठलाही जीव तग धरत नाही. म्हणूनच गोठ्याला, आडाला, साथीच्या वेळी चुना मारायची पद्धत पडली. पण हवेतला कर्बवायू शोषून चुना जसा पक्का होत जातो तसा त्याचा सामू उतरतो, आठ-नऊपर्यंत येतो आणि मग शेवाळाला दार उघडते. जुन्या लोकांनी गिलाव्याच्या शिखराला वर्षाआड पांढरी दिली, ती केवळ शोभेसाठी नव्हती.

आता पाण्याची गोष्ट. वाळवा, मिरज, पलूसकडच्या शेतकऱ्याला क्षारपड जमीन म्हणजे काय हे मी शिकवायची गरज नाही. जास्त पाणी, निचरा नाही, केशाकर्षणाने क्षार वर चढले, पाणी उडून गेले, क्षार पृष्ठभागावर राहिले आणि रान पांढरे पडले. देवळाच्या भिंतीत नेमके हेच होते. जोत्याशी पाणी साचते, दगड आणि चुना ते वर ओढतात, कमरेएवढ्या उंचीवर ते हवेत उडून जाते आणि मागे पांढरी पावडर उरते. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला.

हा लोणा नुसता मातीतून येत नाही. वटवाघळे आणि पारवे यांची विष्ठा, देवळाला टेकून बांधलेल्या जनावरांचे मूत, शेजारच्या मोरीचे पाणी, या सगळ्यांत नत्र असते. युरिया टाकल्यावर शेतात काय होते ते आठवा. आधी अमोनिया, मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. भिंतीत तेच जिवाणू तेच करतात आणि वाटेत नायट्रिक आम्ल तयार होते. पूर्वी बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा जुन्या गावठाणाच्या मातीतून आणि भिंतींच्या खारातून काढत असत, तो याच जिवाणूंचा माल. गटाराचे पाणी असेल तर गंधकावर जगणारे जिवाणूही कामाला लागतात. चोपण जमिनीला आपण गंधक टाकतो तेव्हा त्याचे आम्ल करणारे तेच.

उरते ते काम क्षारांचे खडे करतात. फटीत पाणी उडाले की खडा वाढतो, ओल आली की विरघळतो, पुन्हा वाढतो. त्या रेट्याने दगडाचा पापुद्रा सुटतो. वरून ऑइलपेंट असेल तर ओलीला बाहेर पडायची वाट नाही, म्हणून ती रंगाच्या मागेच साठते. सिमेंटचा सांधा दगडापेक्षा घट्ट. त्यातून पाणी निघत नाही, मग ते दगडातून निघते आणि सांध्याऐवजी दगड झिजतो. शिवाय सिमेंट आपले क्षार बरोबर घेऊन येते. आणि पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट अंगणभर पसरले की जमिनीतली ओल उघड्या मातीतून उडायची बंद होते आणि भिंत शोधते. आमच्या त्या गावात तिन्ही गोष्टी एकदम झाल्या होत्या.

एकच दगड, दोन हवामाने

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. महाबळेश्वरच्या देवळांवर शेवाळ, नेचे, दगडफूल बारा महिने हिरवे राहतात. शिखर शिंगणापूरकडे, जत-आटपाडीकडे हिरवे फारसे दिसत नाही, तिथे दगडावर काळे ओघळ दिसतात. लोकांना वाटते धूर किंवा तेल. पुष्कळ वेळा ते निळे-हिरवे शेवाळच असते, उन्हापासून वाचायला त्याने काळी घोंगडी पांघरलेली असते. महिनोन्‌महिने वाळून पडते, पाऊस आला की तासाभरात जागे होते. फरक पाहायचा असेल तर कोणत्याही बारवेत उतरा. साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर, १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधलेली, सहकुटुंब जाऊन पाहण्यासारखी आहे. वरच्या उन्हातला दगड आणि खाली सावलीत पाण्यालगतचा दगड, दोन्हींवरचे रंग नीट बघून या.

दुष्काळी तालुक्यांत टेंभू-म्हैसाळचे पाणी आले. त्याचा आनंद आहेच. पण देवळाच्या जोत्याला लागून पाट किंवा ठिबकची गळकी नळी नेऊ नका. शेकडो वर्षे कोरड्यात राहिलेल्या दगडाला हे पाणी नवे आहे.

सांगलीकडचा प्रश्न पुराचा. २००५, २०१९, २०२१ हे आकडे कोणी विसरलेले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. हरिपूरला कृष्णा-वारणा संगमावरचे संगमेश्वर मंदिर असो की संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर, नदीकाठच्या देवळाला पूर नवा नाही. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी माहुलीचे देऊळ १७३५ च्या सुमारास बांधले ते नदी समोर बघूनच. वाईच्या ढोल्या गणपतीची मागची भिंत गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये माशाच्या आकाराची केली, पुराचे पाणी दुभंगून निघून जावे म्हणून. पूर येऊन जातो त्याने दगडाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते मागे राहिलेल्या गाळाने. गाळ म्हणजे शेणखत, कुजका पाला, मैलापाणी. जिवाणूंना आयते जेवण. तो सांध्यांत वाळला की वर्षभर ओल धरून बसतो. आमच्या गावचे एक तात्या सांगतात, त्यांच्या लहानपणी पूर ओसरत असतानाच, गाळ ओला असतानाच, सगळी आळी घागरी घेऊन देऊळ धुवायची आणि मग महिनाभर दारे सताड उघडी. आता पूर ओसरला की आपण पंचनाम्याच्या रांगेत असतो. त्यात आपलीही चूक नाही.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांचीही इथे आठवण होते. पेवात हळद का टिकायची? ओल नाही, हवा नाही, म्हणून किडीला जगता येत नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरले आणि अनेक पेवे गेली. देवळाला हवा बंद करता येत नाही, आणि करूही नये. पण ओल तोडणे आपल्या हातात आहे.

स्वच्छतेच्या नावाखाली

आता माझी कबुली. नोकरीच्या पहिल्या वर्षी ग्रामस्वच्छता अभियानाच्या धामधुमीत एका गावच्या दीपमाळेवर हिरवे-काळे थर पाहून मीच उत्साहाने म्हणालो, "ॲसिडने धुऊन काढा की." पोरांनी धुतली. दीपमाळ नवी दिसली, फोटो निघाले, माझी पाठ थोपटली गेली. दुसऱ्या पावसाळ्यात ती पहिल्यापेक्षा जास्त हिरवी झाली. आम्लाने सांध्यांतला चुना खाल्ला होता, दगडाची घोटीव कातडी खरबरीत केली होती आणि त्या खरबरीतपणात धूळ आणि पाणी आणखी चांगले बसत होते. एका पायरीवरची कोरीव अक्षरे पूर्वी बोटाने वाचता यायची. आता येत नाहीत. त्यात काय लिहिले होते ते कोणी उतरवून ठेवले नव्हते.

वाळूच्या फवाऱ्याने दगड घासून काढणे हेच काम आणखी जोरात करते. ब्लीचिंग पावडरने शेवाळ मरते, पण तिचे क्षार भिंतीत राहतात. तासगाव भागात द्राक्षवाल्यांच्या घरी बोर्डो मिश्रण तयारच असते. "साहेब, डाऊनीला चालतं तर देवळाला का नाही?" असे मला विचारले गेले आहे. मोरचुदाचा निळसर डाग दगडात बसला की निघत नाही, म्हणून नाही. तणनाशकही नको, त्यातली क्षारद्रव्ये दगडात मुरतात आणि मेलेले शेवाळ पुढच्या बुरशीचे खत होते.

चांगल्या हेतूने लावलेला थर काय करतो याचे मोठे उदाहरण अजिंठ्याचे आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लॉरेन्झो चेकोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रे जपण्यासाठी बोलावले. सुटत आलेला गिलावा त्यांनी पुष्कळ ठिकाणी पक्का केला, पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ बसली आणि तो काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षे गेली. तज्ज्ञांच्या हातून असे झाले, तर आपल्या रंगाच्या डब्याचे काय?

फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे, आदिमानवाच्या चित्रांची. १९४० मध्ये सापडली. पाहायला इतकी गर्दी लोटली की श्वासाची वाफ आणि दिव्यांचा उजेड मिळून भिंतींवर हिरवे शेवाळ आले आणि १९६३ मध्ये ती लोकांना बंद करावी लागली. २००१ मध्ये तिथे पांढरी बुरशी आली. नाव फ्युजेरियम. हरभऱ्याला मर रोग आणणारी बुरशी याच कुळातली. आपल्या गाभाऱ्यातही चोवीस तास ट्यूब किंवा हॅलोजन जळत असेल तर दिव्याभोवतीचा दगड बघा, हिरवट वर्तुळ दिसते का.

अभिषेकाबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण तो श्रद्धेचा विषय आहे. पण दूध, दही, मध, साखर, तूप ही आपण ज्यांवर विरजण लावतो तीच द्रव्ये आहेत. मूर्तीवर ती राहिली की तिथेही विरजण लागते, म्हणजे आम्ल होते. त्यात हजारो हातांचा स्पर्श, गाभाऱ्यातला दमटपणा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये आणि पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीवर २०२० मध्ये पुरातत्त्व खात्याकडून संवर्धनाची प्रक्रिया करून घ्यावी लागली. गावचे पुजारी आणि विश्वस्त यांना इतकेच विनवतो, की अभिषेक लहान उत्सवमूर्तीवर किंवा चांदीच्या टाकावर करता आला तर पाहावा. मूळ मूर्तीवरच करायचा तर नंतर साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने कोरडी करावी आणि पाणी जायची पन्हळ तुंबलेली नसावी.

मग करायचे काय

पहिले काम बिनपैशाचे आहे. आपण शिवारफेरी काढतो तशी भर पावसात, श्रावणात, देवळाभोवती फेरी काढा. छत्री आणि वही घ्या. शिखरावरचे पाणी कुठून उतरते, पन्हळ कुठे तुंबली, जोत्याशी कुठे डबके होते, छतात कुठे थेंब येतो ते टिपून ठेवा. उन्हाळ्यात अंदाजपत्रक करणाऱ्याला यातले काही दिसत नाही. नव्वद टक्के दुखणे पाण्याच्या वाटेत असते, असे मी अनुभवाने म्हणतो. मोजमाप केलेले नाही. पाणी जोत्यापासून दूर जाईल असा उतार आणि चर काढा. क्षारपड रानात आपण निचऱ्याच्या नळ्या टाकतो, तशीच भिंतीलाही निचऱ्याची गरज असते. भिंतीलगत हात-दीड हात पट्टा तरी फरशीविना उघडा ठेवा, त्यात खडी चालेल. भिंतीवर झुकलेल्या फांद्या छाटा. द्राक्षाच्या वेलीची दाटी कमी केली की भुरी-डाऊनी हटते, तेच तत्त्व: ऊन आणि वारा.

पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच पाऊस उघडल्यावर मुळासकट काढा. मूळ मनगटाएवढे झाले असेल तर ओढू नका. मुळानेच भिंत धरलेली असते, मूळ निघाले की दगड खाली येतील. ते जाणकारांचे काम.

धुवायचे तर साधे पाणी आणि मऊ कुंचा, तोही कोरीव काम सोडून. तारेचा ब्रश नको. प्रत्येक हिरवा-राखाडी डाग काढलाच पाहिजे असेही नाही. काही ठिकाणी दगडफुलाचा थर पावसाच्या मारापासून दगडाला वाचवतो, असे मानणारे तज्ज्ञ आहेत आणि यावर त्यांच्यात अजून वाद आहे. ते आधी नमुना घेतात, तळहाताएवढ्या जागेवर प्रयोग करतात, मग ठरवतात. इटलीत फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोने घडवलेल्या थडग्यांवरचे जुने डाग काढायला २०२० च्या सुमारास चक्क निवडक जिवाणू सोडले आणि त्यांनी डाग खाऊन टाकले. ट्रायकोडर्मा वापरणाऱ्या शेतकऱ्याला याचे नवल वाटू नये. पण म्हणून ट्रायकोडर्माचे पाकीट देवळावर ओतू नका, ही विनंती.

सांधे भरायचे तर चुन्यानेच. कळीचा चुना भिजवून निदान पंधरा दिवस मुरवावा, एका भागाला दोन-तीन भाग धुतलेली वाळू, आणि पाऊस संपल्यावर, कार्तिक ते माघ या काळात काम घ्यावे. ओल्या गोणपाटाने झाकून सावकाश वाळू द्यावे, कारण चुना हवा खाऊनच पक्का होतो. पुष्कळ जुन्या देवळांच्या आवारात दगडी चाकाची चुन्याची घाणी अजून पडलेली असते. ती सुशोभीकरणात उचलून टाकू नका; ज्या गवंड्याला ती कशासाठी आहे हे माहीत असेल तोच गवंडी कामाला घ्या. गिलाव्याच्या शिखराला चुन्याची पांढरी द्या. उघड्या कोरीव दगडाला कुठलाच रंग नको.

आता अधिकारी मंडळींसाठी दोन ओळी. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, आणि सरपंच यांनी ठराव करण्याआधी वास्तू संरक्षित आहे का ते बघावे. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. निळा फलक असेल तर केंद्राचे खाते. तिथे १०० मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही आणि डागडुजीलाही परवानगी लागते. राज्याचे स्मारक असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या पुणे विभागाला पत्र लिहावे. वास्तू संरक्षित नसेल तरी पत्र लिहायला कोणी अडवत नाही, सल्ला मागता येतो. 'क' वर्ग यात्रास्थळाचा किंवा आमदार निधीचा पैसा आला की अंदाजपत्रकात सिमेंट पॉइंटिंग, ऑइलपेंट, टाइल्स हे तीन शब्द सवयीने येतात. ते खोडून चुन्याचे सांधे, पन्हळ दुरुस्ती, जोत्याचा निचरा हे लिहून घ्या. त्याचे दर बसवताना अभियंता कुरकुर करील. बसून करून घ्या. आणि काम सुरू करण्याआधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक शिलालेखाचे फोटो काढून दप्तरी ठेवा. ती दीपमाळेची अक्षरे माझ्या मनातून अजून जात नाहीत.

चॉकलेटी रंगाच्या त्या गावाने गेल्या हिवाळ्यात आधी अंगणातले भिंतीलगतचे ब्लॉक उचलले आणि चर काढला. रंग अजून तसाच आहे, कारण तो काढताना दगड सुटतो आणि कोणी घाई करायची नाही असे ठरले आहे. उत्तरेकडच्या एका कोपऱ्यात सिमेंट हलक्या छिन्नीने काढून चुना भरून पाहिला आहे. त्या कोपऱ्यातला गाभाऱ्याचा वास कमी झाला, असे पुजारी सांगतात. श्रावणात पाऊस चांगला लागला की सरपंच आणि मी छत्री घेऊन पुन्हा फेरी काढणार आहोत. तुमच्या गावची वही तयार असेल तर पंचायत समितीत घेऊन या, सोमवारी मी असतो.